रात्रीचे काम अडते तेव्हा

माटुंग्याच्या बाजारात कॉफीची पूड विकणारा एक व्यापारी आपण कल्पनेने उभा करू. दादर, शीव, चेंबूर धरून त्याच्या पाच शाखा. रात्री दुकाने मिटली की प्रत्येक शाखेची विक्री आणि शिल्लक माल यांचे आकडे मुख्य संगणकाकडे जातात आणि सकाळी मालकांच्या हाती तयार तक्ता पडतो. या रात्रीच्या कामाला संगणकवाले 'रीलोड' म्हणतात. जुनी माहिती काढून ताजी भरायची, एवढाच त्याचा अर्थ. आता असे धरा, की शनिवारी रात्री या प्रणालीची नवी आवृत्ती चढवली. सोमवारी तक्ता उघडला, आकडे दिसले, आणि मालकांनी त्यावरून घाऊक बाजारात मागणी नोंदवली. आकडे मात्र शुक्रवारचे होते! शनिवार-रविवारची सगळी विक्री त्यात नव्हतीच.

अडलेले रीलोड आरडाओरड करीत नाही, ही त्यातली खरी गोम. दिवा बंद पडला तर अंधार होतो, पण इथे कालचाच दिवा आजचा म्हणून जळत राहतो. म्हणून तक्त्याच्या माथ्यावर 'माहिती शेवटची भरली : अमुक तारीख, अमुक वेळ' ही ओळ ठळक असलीच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ती नसते.

काम अडते कुठे? उदाहरणादाखल 'क्लिक सेन्स' ही प्रणाली घेऊ. 1993 साली स्वीडनमध्ये निघालेल्या कंपनीची ही प्रणाली आहे. हिच्यात वेळापत्रक सांभाळणारा 'शेड्युलर' वेगळा, माहिती ओढून आणणारे 'इंजिन' वेगळे आणि सगळ्या नोंदी राखणारी 'रिपॉझिटरी' वेगळी. माटुंगा स्टेशनवर रोज उभे राहणाऱ्यांना हे समजायला जड नाही. धीमी लोकल पुढच्या सिग्नलला अडली की तिच्यामागच्या साऱ्या लोकल ओळीने उभ्या राहतात. मागच्या गाडीत बिघाड काहीच नसतो, बरं का! पण प्रवासी शिव्या देतात त्या आपल्याच गाडीला.

इथेही तसेच होते. क्लिक सेन्समध्ये एका यंत्रावर एका वेळी किती रीलोड चालावेत, याची मर्यादा ठरलेली असते. मुळात ती 4 असते. आणि अडकलेल्या कामाला सोडून द्यायची मुदत मुळात 1440 मिनिटे, म्हणजे पुरे चोवीस तास. चार कामे कुठेतरी अडकून बसली, की पाचवे, सहावे, सातवे दिवसभर रांगेतच. पडद्यावर त्यांच्यापुढे 'रांगेत' एवढेच दिसते आणि नवखा मनुष्य त्या सातव्याचीच नाडी तपासत बसतो.

तेव्हा आधी पाहावे ते हे, की काम रांगेत आहे, सुरू होऊन थबकले आहे, की त्याला हाक मारली तरी ते उठलेच नाही. हाक मारूनही उठले नसेल, तर दोष बहुधा दळणवळणाचा. नवी आवृत्ती चढवताना एखादी सेवा बंदच राहिली असेल, यंत्रांनी एकमेकांना ओळखण्याचे प्रमाणपत्र बदलले असेल, किंवा फायरवॉलने वाट अडवली असेल.

सुरू होऊन थबकलेले काम मात्र अधिक फसवे. त्याची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडा आणि शेवटची ओळ वाचा. ती ज्या पायरीशी थांबली असेल तिथेच बहुतेक काटा रुतलेला असतो. पुष्कळदा ती पायरी बाहेरच्या माहितीसाठ्याशी जोडणी करण्याची निघते. जोडणी करणारा ड्रायव्हर नवा बसला. तो पासवर्ड विचारणारी चौकट उघडतो आणि उत्तराची वाट पाहतो. पण रात्री दोनला, कोणी पाहत नाही अशा पडद्यावर, उत्तर देणार कोण? काम मेलेले नाही, जिवंतही नाही.

तुम्ही म्हणाल, सगळे बंद करून जुनी आवृत्ती परत लावली म्हणजे झाले! इथे ब्रिटनमधली हकीकत ऐकण्यासारखी आहे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहाने 17 जून 2012 ला, रविवारी, रात्रीची कामे ओळीने लावणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती चढवली. कामे बिघडू लागली, तेव्हा ती उतरवून जुनी परत लावण्याचे ठरले. मात्र त्याचे परिणाम आधी तपासले नव्हते, आणि नवी आवृत्ती जुनीशी जुळणारी नव्हती. कामांची रांग तुंबली. 65 लाखांहून अधिक ग्राहकांना झळ लागली. कोणाचा पगार खात्यात दिसेना, कोणाचा हप्ता भरला जाईना. त्याच समूहातल्या अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल तर जुलैपर्यंत चालले. नोव्हेंबर 2014 मध्ये नियामकांनी 5 कोटी 60 लाख पौंड दंड केला. माझ्या मते परत फिरण्याची वाट ही चढण्याइतकीच आधी चालून पाहायची गोष्ट आहे.

माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात दुरुस्त झालेला डबा तपासणीशिवाय कोणी प्रवाशांच्या गाडीला जोडत नाही. कॉफीवाल्यालाही तेवढे करता येईल. आवृत्ती चढवण्याआधी माहितीची प्रत काढावी आणि प्रत्येक काम एरवी किती मिनिटे घेते, ते कागदावर टिपून ठेवावे. बारा मिनिटांचे काम चाळीस मिनिटे चालले तर संशय घ्यायला आधार मिळतो. टिपणच नसेल तर ते संथ आहे की अडले आहे, कसे ओळखणार? मग एकच लहान काम हाताने चालवून पाहावे, आणि ते तडीस गेले की बाकीच्यांना वाट द्यावी. अडकलेले काम तोडावेच लागले, तर कोणत्या फायली अर्ध्या लिहून राहिल्या ते आधी पाहावे. आणि दुरुस्ती होईतो त्या तक्त्यावर विसंबून मागणी नोंदवू नये. शाखांकडून शिल्लक फोनवर विचारावी; पाच शाखांना असा काय वेळ लागतो!