रोबोटला भावना आल्या, तर आपल्या धंद्याचं काय?



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी प्रश्न विचारला. त्या घरीच ब्युटी पार्लर सुरू करायच्या तयारीत आहेत. म्हणाल्या, "सर, मशीन हिशोब करतं, ठीक आहे. पण आता म्हणे मशीनला भावनापण येणार. गिऱ्हाईकाशी आपुलकीनं बोलणं हेच तर आमचं भांडवल. तेही मशीननं केलं, तर आमची गरज काय?"

वर्ग एकदम शांत झाला. कारण हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. त्या दिवशी मी "काळजी करू नका" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. म्हणून आज नीट लिहितोय.

जपानमध्ये काय झालं?

भावना असलेला रोबोट विकायचा प्रयत्न आधीच होऊन गेलाय. जपानच्या सॉफ्टबँक कंपनीनं जून २०१४ मध्ये 'पेपर' नावाचा रोबोट जगासमोर आणला. साधारण चार फूट उंच, पांढरा, मोठ्या डोळ्यांचा. माणसाचा चेहरा आणि आवाज यावरून त्याचा मूड ओळखणारा. जून २०१५ मध्ये विक्री सुरू झाली, तेव्हा कंपनीनं पुढचा दावा केला: याला स्वतःच्याही भावना आहेत. कौतुक केलं की तो खूश होतो, ओळखीची माणसं जवळ असली की निवांत असतो, दिवे मंद झाले की घाबरतो. किंमत १,९८,००० येन, दर महिन्याचं शुल्क वेगळं. पहिले १,००० रोबोट एका मिनिटात संपले!

मग तो मोबाइलच्या दुकानांत, बँकांत स्वागताला उभा राहिला. लोक आले, फोटो काढले, हसले. पण मागणी टिकली नाही. साधारण २७,००० रोबोट बनवून २०२० मध्ये कंपनीनं उत्पादन थांबवलं.

यावरून "बघा, मशीन हरलं" असं म्हणू नका. आजची बोलणारी मशीन्स पेपरपेक्षा कितीतरी पुढे आहेत, उद्याची अजून पुढे असतील. शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे.

आपल्याला फसायला फार लागत नाही

१९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटी या संस्थेतले जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्राम जाहीर केला. तो फक्त समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा. तुम्ही "मला आईचा राग येतो" लिहिलं, की तो आईबद्दल अजून सांगा म्हणणार. बस, एवढंच. तरी वायझेनबॉम यांच्या स्वतःच्या सेक्रेटरी बाई त्याच्याशी बोलताना त्यांना म्हणाल्या, की तुम्ही जरा खोलीबाहेर जा. हा प्रोग्राम त्यांच्या डोळ्यांसमोर तयार झाला होता, तरीही!

म्हणजे गोड बोलणं, विचारपूस करणं, आपुलकी दाखवणं हे मशीनला जमतं आणि माणसाला ते आवडतंसुद्धा. "आमच्यासारखं गोड कोण बोलणार" या भरवशावर धंदा उभा करत असाल, तर भीती खरी आहे.

मग उरतं काय? हे मला माझ्याच दुकानातल्या एका चुकीनं शिकवलं.

आमचे दिवाणजी

आमचं कापडाचं दुकान वडिलांनी सुरू केलेलं. बिलं आणि वही दिवाणजी काका बघायचे. मी बीबीए करून आलो, जोशात बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. काकांचं अर्ध्या दिवसाचं काम दहा मिनिटांत व्हायला लागलं. ते नुसते गल्ल्याशेजारी बसून राहायचे. एक दिवस म्हणाले, "मला आता काय काम रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पगार चालूच होता, पण त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. दिवाळी झाली आणि ते स्वतःहून यायचे बंद झाले.

पुढच्या लग्नसराईत आमच्या दोन मोठ्या बस्त्यांची उधारी बुडाली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उधारी कोणाला द्यायची हे तर काका ठरवायचे! वडिलांना हळूच सांगायचे, "द्या यांना. नाही आले पैसे, तर माझ्या पगारातून कापा." आणि एकदा खरंच कापून घेतले होते.

मी त्यांचं फक्त मशीनला जमणारं काम मोजलं होतं. परत बोलवायला गेलो, तर म्हणाले, "आता डोळ्याला दिसत नाही रे." ती चूक माझी होती, सॉफ्टवेअरची नाही.

माझं उत्तर

ताई, भावना दाखवणं वेगळं आणि शब्दासाठी स्वतःचं नुकसान सोसणं वेगळं. पेपर दिवे मंद झाले की घाबरायचा, पण गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणून त्याचं काही जात नव्हतं. उद्या मशीनला अगदी खऱ्या भावना आल्या, तरी गिऱ्हाईक शेवटी विचारणारच, "बिघडलं तर भरून कोण देणार?" लग्नाच्या आदल्या दिवशी फेशियलनं नवरीचा चेहरा लाल झाला, तर रात्री अकराला फोन कोण उचलणार? तो तुम्ही उचललात, तर तुमची गरज संपत नाही.

तीन कामं आजच करा:

१. वहीत दोन रकाने पाडा. एकात मशीन करू शकेल ती कामं: बिल, स्टॉक, मेसेज, अपॉइंटमेंट. दुसऱ्यात जिथे तुमचा शब्द आणि तुमचा पैसा पणाला लागतो ती कामं. दुसरा रकाना रिकामा असेल, तर काळजी तिथे करा.

२. पहिल्या रकान्यातलं काम मशीनला खुशाल द्या. वाचलेला वेळ दुसऱ्या रकान्याला द्या. आमच्याकडे आता बोर्ड आहे: "ब्लाउज शिवताना बिघडला, तर कापड आमचं." वर्षाला थोडा फटका बसतो, पण गिऱ्हाईक टिकतं.

३. दुकानात मशीन आणण्याआधी प्रत्येक माणसाला विचारा, "तुम्ही असं काय करता, जे मला दिसत नाही?" हा एक प्रश्न मी दिवाणजींना विचारला नव्हता. तुम्ही विचारा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!