दलालाविना घर : कागद आधी, इसार मागून

घर घेताना दलाल हवाच, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ आहे. कायदा तसे म्हणत नाही. देणारा, घेणारा, ओळख पटवणारे दोघे आणि दुय्यम निबंधकाचे कार्यालय, एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. दलाली शेकडा दोन धरली, तर वीस लाखांच्या घरामागे चाळीस हजार रुपये जातात. हमाली करणाऱ्या किंवा जिनिंगमध्ये राबणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हे. ती वाचवणे रास्तच आहे. परंतु दलाल वगळला म्हणजे त्याचे काम संपत नाही. ते आपल्या अंगावर येते.

ते काम दोन प्रकारचे. पहिले, गिऱ्हाईक शोधून भाव ठरवणे. सिल्लोडसारख्या गावात कोणाचे घर विकाऊ आहे हे शेजारीपाजारी विचारले तरी कळते. भावासाठी आजूबाजूच्या खरेदीखतांची सूची क्रमांक 2 काढावी. तीत किंमत लिहिलेली असते.

दुसरे काम मालकी तपासण्याचे, आणि संसार बुडतात ते येथेच. नगरपरिषदेची करपावती म्हणजे मालकी नव्हे. कर कोणाकडून घ्यायचा, एवढेच तीवरून कळते. मालमत्ता पत्रक पाहावे. ते नसेल तर सातबारा व अकृषिक आदेश पाहावा. गुंठेवारीतील जागा असेल, तर 2001 च्या कायद्याखालील नियमितीकरणाचा दाखला मागावा. तीस वर्षांचा शोध घ्यावा. मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहावे. ते बँकेत गहाण पडलेले असू शकते. 1948 पर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या काळचा उर्दू कागद निघाला, तर जाणत्याकडून वाचून घ्यावा. घर वडिलार्जित असेल, तर भावांबरोबर बहिणींच्याही सह्या हव्यात.

एवढे झाल्यावर इसार. तो लेखी करारानेच द्यावा, आणि रक्कम धनादेशाने. वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे.

शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून घर 'घेतले' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले. खरेदीखतावर सही झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीस हजर करावे, आणि नंतर फेरफार करून नाव लावून घ्यावे.

हे एकट्याने झेपत नसेल, तर वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत. तेथे काटकसर नको. अडलेली वेतनवाढ आपण संघटनेच्या बळावर पुन्हा मिळवू शकतो. जन्मभर साठवलेला भविष्यनिर्वाह निधी दुसऱ्यांदा जमत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की कागद पाहिल्यावाचून इसाराला हात घालू नये.