विश्लेषण : व्हिडीओ कॉलवर चेहऱ्याचे चौकोन का होतात?

एसटी घाटात शिरते, रेंज एका काडीवर येते आणि कॉलवरच्या ताईचे नाक कपाळावर जाऊन बसते. आवाज मात्र बऱ्यापैकी सुरू असतो, कारण त्याला डेटा फारच कमी लागतो. दोन-तीन सेकंदांनी चित्र पुन्हा लख्ख. मधल्या वेळात फोनने काय केले?

फोन पूर्ण चित्र पाठवतच नाही

१२८० बाय ७२० पिक्सेलचे चित्र सेकंदाला ३० वेळा जसेच्या तसे पाठवायचे, तर दर सेकंदाला सुमारे ६६ कोटी बिट लागतील. प्रत्यक्षात असा कॉल २० लाख बिटच्या आसपास भागतो. हे काम कोडेकचे. २००३ मध्ये आलेला ‘एच.२६४’ आजही सर्रास वापरात आहे. तो आधी एक पूर्ण चित्र पाठवतो आणि पुढे फक्त फरक कळवतो. ‘मागच्या चित्रातला हा १६ बाय १६ पिक्सेलचा चौकोन तीन पिक्सेल उजवीकडे सरकव’, एवढाच निरोप.

खोट इथेच आहे. किराणा दुकानाच्या वहीत एका पानावर ‘मागील बाकी’ चुकली, की पुढची सगळी पाने चुकतात. तसेच एक पॅकेट हरवले की त्याच्या आधारावरची पुढची चित्रेही बिघडतात. चौकोन बरोबर सरकतात, पण चुकीच्या चित्रावर.

मग सावरते कसे?

पहिला उपाय फाळणीचा. चित्राचे ‘स्लाइस’ पाडले जातात, प्रत्येकाची सुरुवात स्वतंत्र. त्यामुळे त्या चित्रातले नुकसान एका पट्ट्यापुरते राहते. दुसरा, दर चित्रात थोडे चौकोन फरकाऐवजी पूर्ण पाठवायचे. तिसरा जादा पॅकेटचा : चार पॅकेटवरून गणिताने पाचवे बनवायचे, पाचांतले कोणतेही एक हरवले तरी उरलेल्या चारांतून ते परत मिळते. डेटा मात्र २५ टक्के जास्त जातो. कोडेकने कष्टाने वाचवलेले बिट पुन्हा खर्च करायचे, असा हा उफराटा व्यवहार! आणि काहीच जमले नाही, तर फोन समोरच्याकडे नवे पूर्ण चित्र मागतो. ते ‘लख्ख’ बहुतेक वेळा तेव्हाचे.

यूट्यूबवर असे चौकोन सहसा दिसत नाहीत. तिथे हरवलेले पॅकेट पुन्हा मागवायला वेळ असतो. फार तर चक्र फिरते. कॉलला ती सवड नाही. संभाषण सुरळीत वाटायला एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना (आयटीयू) सांगते. छतावरच्या डिशला तर उलट मागणीच करता येत नाही. म्हणून उपग्रह प्रक्षेपणाच्या मूळ ‘डीव्हीबी-एस’ पद्धतीत १८८ बाइटच्या पॅकेटला १६ बाइट जोडले जातात आणि त्यातून आठ बाइटपर्यंतच्या चुका दुरुस्त होतात. जोरदार पावसात चुका त्यापलीकडे गेल्या, की मालिका ऐन रंगात असताना चौकोन.

दिसते ते आत्ताचेच का?

तुकडा मिळालाच नाही, तर फोन त्या जागी बहुधा जुन्या चित्रातला तुकडा चिकटवतो. गप्पांमध्ये ते चालते. पण ‘ई-संजीवनी’सारख्या सेवेवर डॉक्टरांना पुरळ किंवा सूज दाखवताना हा अंदाज महागात पडू शकतो. तिथे रेंज कमी असेल तर कॅमेऱ्याचा दर्जा उतरवा, हात स्थिर ठेवा आणि सोय असेल तर फोटो काढून पाठवा. फोटोची फाइल पोहोचायला वेळ घेईल, पण हरवलेले पॅकेट पुन्हा मागवून ती पूर्ण पोहोचते.