डॉट नेट अनुप्रयोगांतील दोषनिदान

डॉट नेट अनुप्रयोगांतील दोषनिदान : डॉट नेट या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर-विकास चौकटीवर रचलेला अनुप्रयोग चालू असताना बंद पडला, मंदावला किंवा चुकीची उत्तरे देऊ लागला, तर त्यामागील कारण शोधून ते दूर करण्याच्या क्रियेस दोषनिदान म्हणतात. अनुप्रयोग लिहिताना केलेली दोषदुरुस्ती आणि हे निदान यांत भेद आहे. पहिल्या प्रकारात आज्ञावली हवी तेथे थांबवून एकेक पायरी तपासता येते. दुसऱ्या प्रकारात ती रुग्णनोंदणी, बँकेचे व्यवहार यांसारख्या कामात गुंतलेली असते व तिला थांबविणे म्हणजे ते काम बंद पाडणे होय. त्यामुळे चालू आज्ञावलीस कमीत कमी धक्का लावून पुरावा गोळा करणे, हे या तंत्राचे मुख्य सूत्र आहे.

इतिहास : मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००२ मध्ये डॉट नेट फ्रेमवर्क ही चौकट केवळ विंडोज या परिचालन प्रणालीसाठी प्रसिद्ध केली. तिच्याशी सुसंगत अशी मोनो ही मुक्तस्रोत चौकट २००४ मध्ये लिनक्सवर उपलब्ध झाली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉट नेट कोअर हा नवा आविष्कार मुक्तस्रोत असल्याचे घोषित केले व त्याची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. ती विंडोज, लिनक्स व मॅकओएस या तिन्हींवर चालू शके. २०२० मधील ‘डॉट नेट ५’ पासून ‘कोअर’ हा शब्द नावातून गळाला. अनेक प्रणालींवर चालणाऱ्या अनुप्रयोगांचे निदान करण्यासाठी तितकीच सर्वसंचारी साधने आवश्यक ठरली व ती २०१९ पासून उपलब्ध होऊ लागली.

रचना व तिचे परिणाम : सी शार्प यासारख्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे रूपांतर प्रथम एका मध्यस्थ भाषेत होते. ‘रनटाइम’ नावाची यंत्रणा आज्ञावली चालू असताना तिचे यंत्रभाषेत भाषांतर करते, तसेच वापरून झालेली स्मृती परत मिळविण्याचे कचरा-संकलनाचे कामही करते. या सोयींमुळे अनेक प्रकारच्या चुका टळतात. तथापि दोषाचे मूळ आणि त्याचे दृश्य लक्षण यांत अंतर पडते. स्मृती संपल्याची तक्रार ज्या मेथडमध्ये उद्‌भवते, तिने केवळ शेवटचा घास मागितलेला असतो. स्मृती अडवून धरणारी वस्तू अन्यत्र असते.

दोषांचे प्रकार : अनपेक्षित परिस्थिती उद्‌भवल्यास रनटाइम ‘एक्सेप्शन’ निर्माण करतो. कोणती मेथड कोणी बोलाविली याची उतरंड त्यासोबत मिळते. तीस ‘स्टॅक ट्रेस’ म्हणतात. बाहेरील एक्सेप्शनच्या पोटात मूळ एक्सेप्शन दडलेले असू शकते व ते शेवटपर्यंत वाचणे अगत्याचे असते. पकडलेले एक्सेप्शन पुन्हा पुढे पाठविताना सी शार्पमध्ये नुसते ‘थ्रो’ लिहिल्यास मूळ उतरंड टिकते. त्यापुढे एक्सेप्शनचे नाव लिहिल्यास ती पुसली जाऊन तेथूनच नव्याने सुरू होते.

कचरा-संकलक वस्तूंचे वयानुसार शून्य, एक व दोन अशा पिढ्यांत वर्गीकरण करतो. ८५,००० बाइट किंवा त्याहून मोठ्या वस्तू वेगळ्या विभागात ठेवल्या जातात. कोणाकडून तरी संदर्भिली जाणारी वस्तू तो काढू शकत नाही. एखाद्या दीर्घायुषी घटकाकडे नोंदविलेला व पुढे रद्द न केलेला घटना-श्रोता हे स्मृतिगळतीचे नेहमीचे कारण आहे.

मंदपणाचे निदान अधिक फसवे असते. प्रतिसाद लांबत असूनही प्रक्रियकावर भार अल्पच दिसल्यास थ्रेडांचा तुटवडा संभवतो. उपलब्ध थ्रेड एखाद्या उत्तराची वाट पाहत अडून राहतात आणि नवे थ्रेड सावकाश मिळत असल्याने कामांची रांग वाढत जाते. अशा वेळी अधिक शक्तिमान संगणक आणल्याने मूळ दोष जात नाही. वाट पाहताना थ्रेड मोकळा सोडणारी रचना करावी लागते.

निदानाची साधने : प्रथम पायरी मोजमापाची असते. ‘डॉटनेट-काउंटर्स’ हे साधन प्रक्रियकाचा वापर, स्मृती, थ्रेडांची संख्या, रांगेची लांबी इत्यादी आकडे चालू अनुप्रयोगातून दाखविते. वेळ कोठे खर्च होतो हे ‘डॉटनेट-ट्रेस’ने कळते. ‘डॉटनेट-डंप’ने संपूर्ण स्मृतीचे एका क्षणाचे चित्र घेऊन ते नंतर तपासता येते. निदानाचा क्रम हलक्या साधनाकडून जड साधनाकडे असावा, कारण पूर्ण डंप घेताना अनुप्रयोग काही काळ थांबतो. तेवढ्यात प्रतिसाद न मिळाल्याने देखरेख करणारी यंत्रणा तो मृत समजून बंद करण्याचा संभव असतो.

प्रणालींमधील भेद : एकच आज्ञावली सर्वत्र चालते, याचा अर्थ ती सर्वत्र सारखीच वागते असा नाही. लिनक्सच्या नेहमीच्या संचिका-व्यवस्थेत लहान व मोठ्या रोमन अक्षरांतील नावे भिन्न मानली जातात. विंडोजमध्ये सामान्यतः तसे होत नाही. त्यामुळे विकसकाकडे सापडणारी संचिका प्रत्यक्ष वापरात ‘नाही’ ठरते. भारतीय प्रमाणवेळेस विंडोज ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’, तर लिनक्स ‘आशिया/कोलकाता’ असे ओळखते. २०२१ मधील ‘डॉट नेट ६’ पासून दोन्ही नावे दोन्हीकडे चालू लागली. ‘डॉट नेट ५’ पासून विंडोजवरही भाषाविषयक नियमांसाठी आयसीयू हे ग्रंथालय वापरले जाऊ लागले व त्यामुळे मजकुरातील शोध व तुलना यांचे काही जुने निकाल बदलले. मर्यादित स्मृती दिलेल्या लिनक्स कंटेनरमधील अनुप्रयोग कोणतेही एक्सेप्शन न नोंदविता १३७ या संकेतांकाने संपला, तर परिचालन प्रणालीने त्यास सक्तीने बंद केल्याचे समजावे. हे बहुधा स्मृतिमर्यादा ओलांडल्यामुळे घडते. तेव्हा अनुप्रयोगाच्या नोंदी कोऱ्या असतात आणि पुरावा प्रणालीच्या नोंदींत सापडतो.

मर्यादा व दक्षता : अडलेला अनुप्रयोग पुन्हा सुरू करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. त्याने सेवा पूर्ववत होते, पण थ्रेडांची स्थिती व स्मृतीतील वस्तू म्हणजेच दोषाचा पुरावा नाहीसा होतो आणि तोच बिघाड पुन्हा उद्‌भवतो. सेवा तत्काळ चालू करणे व कारण समजणे या दोन गरजांत विरोध असल्याने, बिघाड होण्यापूर्वीच नोंदी ठेवण्याची व आपोआप डंप घेण्याची व्यवस्था करून ठेवणे श्रेयस्कर असते. प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक आवृत्तीच्या चिन्ह-संचिका जपून ठेवाव्या लागतात. त्यांच्याअभावी स्टॅक ट्रेसमध्ये मूळ आज्ञावलीतील ओळींचे क्रमांक मिळत नाहीत.

डंपमध्ये अनुप्रयोगाच्या स्मृतीतील सर्व काही येते. परवलीचे शब्द, खात्यांचे तपशील, रुग्णांची माहिती हीही त्यात असू शकतात. म्हणून तो मूळ माहितीइतकाच गोपनीय मानून मर्यादित व्यक्तींनाच हाताळू द्यावा व काम संपताच नष्ट करावा. दोष शोधण्याच्या भरात ज्यांच्यासाठी सेवा चालविली जाते त्यांचीच माहिती उघड झाली, तर निदान हे मूळ दोषापेक्षा अधिक अपायकारक ठरते.