लोखंडातील स्पिन-तरंग

लोहचुंबकाच्या निश्चल दिसणाऱ्या तुकड्यात, ज्या इलेक्ट्रॉनांमुळे त्यास चुंबकत्व लाभते त्यांतील प्रत्येक इलेक्ट्रॉन ‘स्पिन’ या अंगभूत गुणामुळे स्वतःच एक सूक्ष्म चुंबक असतो, आणि हे सूक्ष्म चुंबक परस्परांशी असे निगडित असतात की एक ढळला की शेजारचाही ढळतो. ज्वारीच्या शेतातून लाट जावी, पण एकाही ताटाने आपली जागा सोडू नये, तसाच हा क्षोभ पुढे सरकतो. हाच स्पिन-तरंग. उष्णतेने असे तरंग उठतात आणि म्हणून चुंबकत्व तापमानाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात घटत जाते, हा खुलासा फेलिक्स ब्लॉख यांनी 1930 साली केला.

व्यवहाराशी सुतराम संबंध नाही असे वाटावे अशा या विषयाने पुढे जे दिले ते थोर आहे. जर्मनीतील युलिश येथे पीटर ग्रुनबर्ग लोखंडाच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये क्रोमियमचा काही अणूंइतकाच जाड थर ठेवून त्यांवर लेसरचा प्रकाश टाकीत, आणि स्पिन-तरंगांवरून विखुरताना त्या प्रकाशाच्या वारंवारतेत जो अल्पसा फरक पडे त्यावरून आतील स्थिती ताडीत. क्रोमियमची जाडी विवक्षित असली की दोन्ही पापुद्र्यांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध दिशांना वळते, हे त्यांना 1986 मध्ये याच मार्गाने उमगले. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून त्या दिशा एक केल्या की विद्युत्-रोध घटतो, हे त्यांनी व फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांनी 1988 मध्ये स्वतंत्रपणे दाखविले. इलेक्ट्रॉनाच्या विद्युत्-भाराबरोबर त्याचा स्पिनही वापरणाऱ्या तंत्राचा, म्हणजे स्पिनट्रॉनिक्सचा, उदय तो हाच. 1997 पासून संगणकाच्या हार्ड डिस्कवरील मजकूर याच तत्त्वाने वाचला जाऊ लागला, आणि 2007 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

आता तरंगाकडूनच निरोप पोचविण्याची तजवीज चालली आहे. वीज वाहते तेव्हा तार तापते; स्पिन-तरंग मात्र इलेक्ट्रॉन जागचा न हलविता सेकंदाला अब्जावधी आंदोलनांनी पुढे जातो, आणि दोन तरंग एकत्र आले असता परस्परांना पुष्ट किंवा नष्ट करीत असल्यामुळे त्यांच्याकडून गणितही करवून घेता येते. अडचण धातूचीच आहे, कारण त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन तरंगाची ऊर्जा हिरावून घेतात, आणि निकेल-लोखंडाच्या पर्मलॉय या मिश्रधातूत तो काही मायक्रोमीटरांतच क्षीण होतो. वीज न वाहणाऱ्या लोह-गार्नेटच्या स्फटिकात तो कितीतरी दूर जातो, हे कबूल. पण पातळ धातू चिपवर सहज चढतो, आणि जिच्यातील बहुतेक इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेस असतात अशी धातूतून वाहणारी वीज स्वतःच तरंग उठवू शकते, हे स्लोन्चेव्स्की व बर्जर या भौतिकशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये सिद्धान्ताने दाखविलेच आहे. शिवाय एक भाग कोबाल्ट व तीन भाग लोखंड अशा मिश्रधातूत तरंगाचा ऱ्हास अपेक्षेहून पुष्कळच कमी असल्याचे 2016 मध्ये आढळले. तेव्हा धातूस बाजूस सारून केवळ स्फटिकावर भिस्त ठेवणे मला तरी उचित वाटत नाही.