मालमोटारीची रक्तवाहिनी

आदिलाबादच्या कापूसबाजारात आज डिझेलच्या मालमोटारींची रांग लागते. तरी एखाद्या जुन्या घराच्या पत्र्याच्या छपराखाली आजोबांच्या काळची पेट्रोलची मालमोटार अजून दिसते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यास क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज गाड्या बांधल्या. पुढे 1954 मध्ये टाटांनी डेमलर-बेंझशी करार केला व डिझेलचे युग सुरू झाले.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे अशीच डॉज आहे. गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "गुरुजी, सपाटीवर गाडी छान चालते, पण निर्मलजवळचा महबूब घाट लागला की गुदमरते. कार्बोरेटर दोनदा उघडला, पंप बदलला. पेट्रोलचा थेंबही कोठे गळत नाही. आता भंगारात देतो."

आम्ही एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी टाकीपासून पंपापर्यंतच्या तांब्याच्या नळीवरून हात फिरविला व एका वळणापाशी थांबले. तेथे केसाएवढी चीर होती. "पोरा, पंप या नळीतून पेट्रोल ओढतो. म्हणून येथे पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते," ते म्हणाले. सपाटीवर तेवढी हवा निभावून जाते. चढावर इंजिनाची मागणी वाढते आणि पुरवठा तुटतो.

तांबे हाताने वाकते, म्हणून हौशी माणसास ते सोयीचे वाटते. परंतु गाडीच्या सततच्या कंपनाने ते कठीण होते व तडकते. शिवाय तांब्याच्या सान्निध्यात पेट्रोल लवकर बिघडून चिकट राळ धरते. जस्ताचा मुलामा दिलेली नळीही नको. आतील जस्त सुटून कार्बोरेटरचे जेट तुंबतात. योग्य ती वाहनांसाठीच बनविलेली दुपदरी पोलादी नळी. जाडी मुळातील नळीएवढीच घ्यावी. बहुधा ती 5/16 किंवा 3/8 इंच असते.

बसविण्यापूर्वी टाकी रिकामी करावी, बॅटरीची तार सोडावी आणि विडी-काडी दूर ठेवावी. नळी करवतीने न कापता पाइपकटरने कापावी व आतील कंगोरा काढावा. नट आधी ओवून मगच तोंड दुहेरी फुलवावे. नट विसरलेल्या नवशिक्यास नळी पुन्हा कापावी लागते. वळण साच्यावर द्यावे, नळी चेपू देऊ नये. हवा मारून कीस उडवावा. सायलेन्सरपासून नळी दूर न्यावी व रबरी अस्तराच्या क्लिपांनी दर दीड फुटावर चासीस बांधावी.

उष्णतेचे भान येथे विशेष हवे. ओढीच्या बाजूस दाब कमी असल्याने पेट्रोल लवकर उकळते व त्याच्या वाफेने मार्ग अडतो. पूर्वीचे चालक घाटात पंपावर ओले फडके ठेवीत, ते याचसाठी.

इंजिन रबरी बैठकीवर हलते, चासी हलत नाही. म्हणून दोहोंमध्ये लवचीक रबरी नळीचा छोटा तुकडा हवाच. येथे जुने रबर चालणार नाही. 2025 पासून आपल्याकडील पेट्रोलमध्ये सुमारे 20 टक्के इथेनॉल असते व त्याने जुने रबर फुगते, चिरते. इथेनॉलला टिकणारीच नळी मागून घ्यावी. पंपाच्या पुढील नळीत मात्र दाब असतो. तेथील गळती तापलेल्या इंजिनावर पडली तर आग लागते. म्हणून शेवटी इंजिन चालू ठेवून, वाळूची बादली जवळ घेऊन प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसून पाहावा.

मिस्त्रींनी नवी पोलादी नळी घातली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी डॉज महबूब घाट न थांबता चढली. वर पोहोचल्यावर त्या तरुणाने भंगारवाल्यास दिलेला शब्द परत घेतला आणि आजोबांना फोन लावला. आजोबांनी एवढेच विचारले, "जुनी नळी कोणी घातली होती?" तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मीच, आजोबा."