कॉम्रेड डांगे आणि १९२८ चा संप

आपल्या यवतमाळचा कापूस एके काळी शकुंतला गाडीने मूर्तिजापुरास आणि तेथून मुंबईस जात असे. त्याचे कापड विणणारा कामगार संघटित कसा झाला, हे पाहावयाचे तर श्रीपाद अमृत डांगे यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

डांगे यांचा जन्म १८९९ सालचा, नाशिक जिल्ह्यातला. १९२१ मध्ये त्यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली व १९२२ मध्ये ‘सोशॅलिस्ट’ हे साप्ताहिक काढले. कानपूर कटाच्या खटल्यात १९२४ साली त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. ते सुटून आले तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत असंतोष धुमसत होता. कामगाराने पूर्वीपेक्षा अधिक यंत्रे सांभाळावीत आणि मजुरीतील कपातही सोसावी, असा मालकांचा आग्रह होता.

एप्रिल १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगारांनी काम बंद केले. संप सहा महिने चालला. पुष्कळ कामगार कोकणातील आपापल्या गावी गेले. मागे राहिलेल्यांना धान्यवाटप करावे लागले. नेमस्त ना. म. जोशी आणि साम्यवादी डांगे या काळात एकाच संप समितीत बसले, हे विशेष होय. त्याच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन जन्मास आली. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणीतले कामगार, चिटणीस डांगे. वर्षअखेर सभासदसंख्या ५० हजारांवर गेली. ऑक्टोबरात चौकशी समिती नेमण्याचे ठरून संप मिटला.

परंतु मार्च १९२९ मध्ये सरकारने डांगे, आळवे आदी पुढाऱ्यांना पकडून मीरतच्या खटल्यात गोवले. डांगे यांना १९३३ साली बारा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली. इकडे १९२९ चा दुसरा सार्वत्रिक संप फसला. सभासद वाढले म्हणजे संघटना मुरली असे नव्हे; थोड्या माणसांवर उभा असलेला संघ ती माणसे जाताच डळमळतो, हा धडा युनियनला महाग पडला.

डांगे १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मुंबईतून लोकसभेवर गेले. १९६४ मध्ये पक्ष फुटला आणि १९८१ मध्ये स्वपक्षानेच त्यांना काढून टाकले. १९९१ साली ते वारले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद राहतील. पण गिरणीतल्या कामगाराला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवून त्याचा चिटणीस होणे, हे त्यांचे काम विसरता येणार नाही.